डिचोलीचं आजोळ, '४०० वर्षांची' पाटी आणि माळ्यावरचं कौल

पावसाळी_पाट
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज धागा काढायची वेळ आली.

माझं आजोळ डिचोलीत. बाजारापासून थोडं आत, गावात सगळे 'व्हडलें घर' (मोठं घर) म्हणतात असं एक चिरेबंदी घर आहे. मध्ये चौकी (उघडा चौक), चौकीत तुळस, चहूबाजूंनी लाकडी खांब, मागे न्हाणी आणि विहीर. रस्त्याच्या बाजूला मात्र एकदम वेगळा थाट: माडी, माडीला लोखंडी नक्षीचा कठडा, अर्धगोल खिडक्या, त्यांत लाल-हिरव्या काचा. मामा-मामी दोघंच तिथं राहतात. बाकीचे चवथीला जमतात आणि सातव्या दिवशी कुलपं लावून पांगतात.

आता मामेभावाने पुढच्या तीन खोल्या पाहुण्यांसाठी द्यायचं ठरवलंय. त्याला माझा पाठिंबा आहे, घर तरी उघडं राहील. पण त्याने पाटी रंगवायला टाकलीय: '४०० वर्षांचा पोर्तुगीज वाडा'. मामा छातीवर हात ठेवून सांगतात की घर चारशे वर्षांचंच आहे, त्यांच्या आजोबांनी सांगितलंय. मला मात्र काहीतरी खटकतंय. कागद म्हणावेत तर एक पेटारा आहे, मोडीतले आणि पोर्तुगीजमधले, अर्धे वाळवीने खाल्लेले. घरात वाचता येणारं कोणी उरलं नाही.

प्रश्न साधा आहे. घराचं वय कसं शोधायचं? आणि पाटी रंगून यायच्या आत शोधता येईल का?

बिमली
गोव्यात घराचं वय दोनच प्रकारचं असतं. विकताना '४०० वर्षांचं', घरपट्टी भरताना 'मोडकळीला आलेलं'.

दादर_ते_डिचोली
बिमली, हसून हसून पुरेवाट. माझ्या सासऱ्यांचं म्हापशातलं घरही चारशे वर्षांचंच आहे. न्हाणीच्या पायरीवर सिमेंटमध्ये कोरलेलं साल १९५४ आहे, पण त्याकडे बघायचं नाही.

इतिहासाचा_किडा
पाट, तुमचं खटकणं बरोबर आहे. डिचोलीत ४०० वर्षांपूर्वी पोर्तुगीज होतेच कुठे?

हे नेहमी विसरलं जातं म्हणून जरा लांबण लावतो. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी तिसवाडी घेतली. बारदेश आणि सासष्टी त्यांच्याकडे पक्की झाली १५४३ मध्ये. या झाल्या जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेले मुलूख. फोंडा, सांगे, केपे, काणकोण हा पट्टा १७६३ नंतर, सोंदेकर राजांकडून. डिचोली आणि सत्तरी १७८० च्या दशकात, पेडणे १७८८ मध्ये, हे सावंतवाडीकर भोसल्यांकडून. या नव्या काबिजादी. दोहोंत जवळजवळ अडीचशे वर्षांचं अंतर. म्हणून तर जुन्या काबिजादींत देवळं मोडली आणि देव नदीपलीकडे फोंड्यात आले, नव्या काबिजादींत देवळं जागच्या जागी राहिली.

तेव्हा तुमचं घर खरंच चारशे वर्षांचं असेल तर ते पोर्तुगीज नाही, आणि पोर्तुगीज अमदानीतलं असेल तर चारशे वर्षांचं नाही. पाटीवरचा एक शब्द तरी पुसावाच लागेल.

बिमली
'वाडा' राहिला का मग?

फोंड्याची_लेक
तोही नाही! आमच्याकडे वाडा म्हणजे वाडो, गावातली वस्ती. अमका वाडा, तमका वाडा. राहायचं ते घर. पेडण्यात आणि साखळीत सरदार घराण्यांच्या घरांना वाडा म्हणतात, ते वेगळं. 'पोर्तुगीज वाडा' वाचून माझ्या आजीने विचारलं असतं, "तांची वस्ती खंय आसली रे थंय?" (त्यांची वस्ती कुठे होती रे तिथे?)

पावसाळी_पाट
तीन शब्दांची पाटी, तीनही शब्द गेले. मामेभावाला धागा पाठवला. त्याचं उत्तर: "पर्यटक काय शके मोजत बसणार आहे?"

सासष्टीकर
पर्यटकाचं सोडा. 'पोर्तुगीज घर' हा शब्द आमच्या सासष्टीतल्या घरांनाही लावू नये असं माझं मत आहे, आणि त्यावर मी लग्नसमारंभातही भांडलोय.

चांदरच्या चर्चसमोरचं ब्रागांझा घर घ्या. रस्त्याला समांतर लांबलचक दर्शनी भाग, खिडक्यांची रांग संपता संपत नाही, आत नाचाचा दिवाणखाना, झुंबरं, ग्रंथसंग्रह. घर आता दोन शाखांत विभागलंय, दोन दारं, दोन वेगळी घरं. बाहेरून येणारा प्रत्येक जण म्हणतो, वा, काय पोर्तुगीज घर आहे. आणि त्या घरातला माणूस कोण? लुईस द मिनेझिस ब्रागांझा. १८७८ चा जन्म, चांदरचाच. १९०० मध्ये निघालेल्या 'ओ हेराल्दो' दैनिकाच्या उभारणीत होता, नंतर 'ओ देबात', मग 'प्रकाश' काढलं. १९३० मध्ये सालाझारचा वसाहत कायदा आला तेव्हा कौन्सिलात उभं राहून गोव्याच्या लोकांना स्वयंनिर्णयाचा हक्क आहे असा ठराव याच माणसाने मांडला. पणजीतली संस्था आज त्याच्या नावाने आहे, आधी ती वास्को द गामाच्या नावाने होती. पोर्तुगिजांशी आयुष्यभर झुंजलेल्या माणसाच्या घराला पोर्तुगीज घर म्हणायचं?

१८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहियांनी सभा घेतली. त्याआधी ते उतरले होते असोळण्याला, डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरी. तेही तसल्याच धर्तीचं घर. घर कोणाचं हे खिडकीच्या आकारावरून ठरवायला लागलो तर सगळा इतिहास उलटा लागेल.

कौलारू
सासष्टीकरांशी अर्धा सहमत. घर बांधणारे चिरेखाणीतले लोक, गवंडी, सुतार सगळे इथलेच. पण प्रभाव नाकारण्यात काय हशील? बल्कांव बघा. दारापुढे पायऱ्या, दोन बाजूंना चिऱ्याचे सोपे (बसायचे कट्टे), संध्याकाळी तिथं बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचं. चौकीच्या घरात बसणं आत असतं, बाईमाणूस आत, उजेडही आतूनच येतो. बल्कांवचं घर रस्त्याकडे तोंड करून बसतं. घराने तोंड फिरवणं ही लहान गोष्ट नाही. चिनीमातीची भांडी मकावहून आली, शिसवी खुर्ची इथल्या सुताराने युरोपी चित्र बघून केली. सरळ 'गोव्याचं घर' म्हणा आणि मोकळे व्हा.

पाट, तुमच्या वर्णनावरून एक सांगतो (मी जुन्या घरांच्या दुरुस्तीचं काम करतो). तुमचं एक घर नाही, दोन आहेत. आतलं चौकीचं घर आधीचं, माडी आणि काचांची बाजू नंतर जोडलेली. डिचोली-साखळी-फोंडा भागात हे फार दिसतं. घरात पैसा आला, पोर्तुगीज अधिकारी चहाला यायला लागले, की पुढचा भाग नव्या तऱ्हेचा झाला. आत देव आणि सोवळं जसंच्या तसं.

पुढच्या खेपेला एवढं बघा:

पुढची भिंत आणि चौकीची भिंत जिथं मिळते तिथं कोपऱ्यात चिरे एकमेकांत गुंतलेत की नुसते टेकलेत? टेकले असतील तर भिंत मागून आली. गिलावा असेल तर पावसाळ्यानंतर जा, सांध्यावर सरळ उभी भेग दिसते.

जोत्याची उंची दोन्हीकडे सारखी आहे का.

आणि माळ्यावर जाऊन वासे बघा. मंगळुरी कौलांच्या रिपा (कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्ट्या) साधारण फूटभर अंतरावर असतात. त्याआधी आपल्याकडे नळे होते, कुंभाराने चाकावर केलेले अर्धगोल. त्यांना रिपा दाट लागतात. वाशांवर दाट खिळ्यांची जुनी भोकं असतील तर छप्पर बदललंय.

चुडत
नळे! दर मे महिन्यात नळे परतायला माणूस यायचा. तो छपरावर, आम्ही पोरं खाली, आणि आजी ओरडतेय की विंचू पडेल. एकदा पडलाच. माझ्या नाही, काकाच्या डोक्यावर. काका आजही मंगळुरी कौलांचे खंदे समर्थक आहेत.

ओशाळलेला_आंबा
अवांतर: चवथीला माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळा-पानांची चौकट) कुठे बांधता? आमच्या घरात माटोळीसाठी तुळईला जुन्या लोखंडी कड्या आहेत. नवीन छप्पर घालताना मिस्त्रीने 'या काय कामाच्या' म्हणून कापल्या. आजोबा तीन दिवस जेवले नाहीत. आता माटोळी दोरीने टांगतो आणि दरवर्षी कोणीतरी त्या कड्यांची आठवण काढतंच.

पावसाळी_पाट
@ओशाळलेला_आंबा, आमच्याकडे चौकट लाकडी आहे, तीच पिढ्यान्‌पिढ्या. सुपारीचे घड, नारळाची पेंड (घोस), तोरिंगं, कांगलां, माट्टुलीची फळं. मामी आदल्या रात्री यादी वाचते आणि कोणी काय आणलं नाही त्याचा हिशेब तिथंच करते.

@कौलारू, रविवारी जाते. माळ्यावर चढायचं धाडस मामेभावाच्या गळ्यात घालते.

खाजन
घराचं वय मिळेल हो, पण घर कोणाचं हे आधी बघा. आपल्याकडे पोर्तुगीज दिवाणी कायद्याने मुलगे-मुली सगळ्यांना सारखा वाटा. तत्त्व चांगलंच, माझ्या आईला त्यामुळेच मिळालं. पण तीन पिढ्या इन्व्हेंटारी (वारसांतली कायदेशीर वाटणी) केली नाही की घराला चाळीस मालक होतात. एक मुंबईत, दोन लिस्बनला, एक कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नाही. कौल बदलायला पैसे कोणी देत नाही, विकायला सह्या मिळत नाहीत. पावसाला मात्र कोणाची सही लागत नाही. आमच्या गावातली सगळ्यात देखणी दोन घरं अशीच बसली. एकाच्या दिवाणखान्यात आता वड आहे.

पाट, मामेभावाने खोल्या भाड्याने देण्याआधी बाकीच्यांना विचारलंय का?

पावसाळी_पाट
आईने आणि मावशीने तोंडी हो म्हटलंय. तोंडी म्हणजे चवथीच्या पंगतीत, खतखते वाढताना.

खाजन
खतखत्यावर स्टॅम्प लागत नाही. कागद करून घ्या.

आणि वयासाठी: पोर्तुगीज काळातल्या जमीन नोंदणीत मालमत्तेचं वर्णन असायचं, 'देस्क्रिसांव'. चारी बाजूंना काय आहे, घर कसलं, छप्पर कसलं, असं सगळं. गोवा मुक्तीनंतरच्या एक-चौदाच्या उताऱ्यात (जमिनीच्या सरकारी नोंदीत) तुम्हाला फक्त नाव आणि क्षेत्र मिळेल. जुन्या वर्णनाचा क्रमांक घरातल्या एखाद्या कागदावर असतो, तो मिळाला तर अर्धं काम झालं. मी एका कार्यालयात तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला माणूस रजेवर, दुसऱ्या खेपेला पुस्तक शिवायला गेलेलं, तिसऱ्या खेपेला मिळालं, तर त्यात आमचं घर नव्हे, आमच्या शेजाऱ्याचा गोठा.

मोडीवाला
पेटाऱ्यातल्या मोडी कागदांचे फोटो टाका. वाचायचा प्रयत्न करतो. फक्त एक विनंती: घड्या पडलेले कागद ओढून उलगडू नका, आणि चिकटपट्टी अजिबात लावू नका.

घरातल्या कागदांना कमी लेखू नका. पणजीतल्या म्हामय कामतांच्या घरात अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या व्यापाराचा असाच दप्तरांचा ढीग होता. पोर्तुगीज, मराठी मोडी, गुजराती, फ्रेंच. पर्वरीच्या झेव्हियर इतिहास संशोधन केंद्राकडे तो गेल्यावर अभ्यासकांना कळलं की या एका घराचे धागे कुठल्या कुठल्या बंदरांपर्यंत पोचले होते. आणि पणजीचं पुराभिलेखागार तर १५९५ पासूनचं, दियोगु दु कोतु त्याचा पहिला राखणदार. गोव्यात कागद कमी नाहीत. वाचणारे कमी झालेत.

तिखट_मीठ
केप्याचं उदाहरण कोणीच दिलं नाही अजून. तिथला डीनचा वाडा, पालासियु दु दियांव. चर्चच्या समोर, कुशावतीच्या काठी. १७८७ मध्ये जुझे पावलु द आल्मैदा या धर्मगुरूने बांधला, आणि केपे गावही त्यानेच वसवलं म्हणतात ते उगाच नव्हे. बघा, साल पक्कं आहे कारण बांधणारा माहीत आहे. आपल्या घरांचं तसं नसतं, आपली घरं कोणी 'बांधत' नाही. एक पडवी आजोबांनी काढली, एक खोली बाळंतपणासाठी, स्वयंपाकघर मागे सरकलं, विहीर आत आली. कुठल्या तारखेला वाढदिवस करणार?

सासष्टीकर
तिखट_मीठ, अगदी. मडगावचं सात बुर्नजां घरही तसंच. नाव सात शिखरांचं, आज उभी आहेत तीनच. नाव लोक बदलत नाहीत.

बिमली
म्हणजे चारशेतली दोनशे पडली तरी पाटी चारशेचीच.

पावसाळी_पाट
मंडळी, रविवार पार पडला. लांब लिहितेय, चहा घेऊन बसा.

सांधा: कौलारू, तुम्ही म्हणालात तसाच. पुढच्या भिंतीला चौकीच्या भिंतीचा कोपरा नुसता टेकलाय, आणि त्या भेगेत दर पावसाळ्यात मामी चुना भरते. "हांव लग्न जावन आयल्ये तेन्नासावन भरतां," (लग्न होऊन आले तेव्हापासून भरतेय) म्हणाली. जोतंही पुढे सव्वा वीत उंच.

मग माळा. मामेभाऊ चढला, मी शिडी धरून. वर वटवाघळं, जुने पाळणे, एक भाण (न्हाणीतलं तांब्याचं मोठं भांडं, बुडाला भोक) आणि कोपऱ्यात उतरवून ठेवलेली कौलं. वाशांवर भोकं आहेत, दाट, एका बोटाच्या अंतराने दोन-दोन. म्हणजे आधी नळे होते. आणि कौलावर छाप आहे! मामेभावाने वरूनच ओरडून वाचला: बासेल मिशन, मंगळूर, आणि खाली १८६५. मामा खालून म्हणाले, "बघ. साल हाताशी आलं." तर माडीचं छप्पर १८६५ चं! फोटो टाकतेय.

चुडत
भारी! अभिनंदन! पाटी: 'सन १८६५'.

कौलारू
पाट, तुमचा आनंद घालवायला जिवावर येतंय. १८६५ हे बासेल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना सुरू झाल्याचं साल. ते त्यांनी कौलांवर छापलं, जसं मिठाईवाला डब्यावर 'स्थापना' छापतो. तुमचं कौल १८६५ नंतरचं एवढंच त्यातून कळतं. दहा वर्षांनंतरचं असू शकतं, चाळीस वर्षांनंतरचंही. पहिल्या महायुद्धानंतर कारखाना कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेला, तेव्हा नाव बासेल मिशनचं असेल तर साधारण त्याआधीचं.

आणि हे छपराचं वय. छप्पर बदलतं, भिंती तशाच असतात.

पावसाळी_पाट
मामेभावाने ते कौल पुसून पाटीशेजारी लावायला घेतलं होतं. आता तो माझ्याशी बोलत नाही.

दादर_ते_डिचोली
थोडक्यात, मिठाईच्या डब्यावरून घराचं वय काढत होतो आपण.

फोंड्याची_लेक
आमच्या घरात करेपांच्या खिडक्या होत्या, काचेऐवजी शिंपल्याच्या चकत्या. दुपारी आत दुधासारखा उजेड. एक तुटली तर आता नवी मिळत नाही, चिखलीच्या खाडीतले ते शिंपले काढायला कायद्याने बंदी आहे. तुमच्या आतल्या घरात अशा असतील तर जपा. वय सांगत नाहीत, पण त्यांच्याआडून घर जसं दिसायचं तसं काचेआडून दिसत नाही.

मोडीवाला
पाट, तुम्ही पाठवलेल्या अकरा फोटोंपैकी आठ नारळ आणि सुपारीचे हिशेब आहेत. एक सोयरिकीचं पत्र, त्यात वधूपेक्षा म्हशीचं वर्णन जास्त आहे. एक पोर्तुगीज, तो खाजननी बघावा.

अकरावा मात्र तुमच्या कामाचा. बांधकामाचा हिशेब आहे. चिरे किती गाड्या, चुन्याची भट्टी, शिंपले भरून आलेली होडी, सुताराला उकडे तांदूळ आणि नारळ, गवंड्याला रोकड. 'माडीचे कामास' असा शब्द स्पष्ट आहे. वर उजव्या कोपऱ्यात शके आहे. 'शके १७' एवढं वाचता येतं. पुढचे दोन आकडे वाळवीने खाल्लेत.

इतिहासाचा_किडा
शके १७०० म्हणजे इ.स. १७७८. शके १७९९ म्हणजे १८७७. माडी या शंभर वर्षांत केव्हातरी. नव्या काबिजादींशी जुळतं, नंतर माडीवर मंगळुरी कौलं चढली असतील तर तेही जुळतं. आतलं चौकीचं घर त्याहून जुनं, किती ते भिंत सांगणार नाही. मामांचे आजोबा अगदीच खोटं बोलत नव्हते.

बिमली
वाळवीला शंभर वर्षांची चव लागली बघा.

खाजन
पोर्तुगीज कागद बघितला. देस्क्रिसांव क्रमांक आहे! उद्या संदेश पाठवतो. आणि तोंडी संमतीचं काय झालं?

पावसाळी_पाट
खाजन, मावशी सही करतेय, आई पण. लिस्बनच्या मामांना मेल गेलीय.

मोडीवालांचं वाचन काल फोनवर मामांना वाचून दाखवलं. मला वाटलं, चारशेचे दीडशे-अडीचशे झाले म्हणून चिडतील. ते गप्प. मग सुताराच्या नारळांचा आकडा परत वाचायला लावला, आणि म्हणाले, "इतके नारळ? ते आमच्या माडांचे काय विकतचे, ते बरयलां मरे?" (लिहिलंय ना?)

मोडीवाला, बरयलां का?

मोडीवाला
बघतो. तिसऱ्या ओळीत 'घरचे' असं काहीतरी आहे, पण शाई फुटलीय. उजेडात काढलेला फोटो पाठवा.